एकट्याच आलात का?

देहूजवळ, तळेगाव-चाकण रस्त्याच्या अंगाला भंडाऱ्याचा डोंगर आहे. तुकोबा तिथे चिंतनाला बसत. भामचंद्र आणि घोरावडेश्वर या त्यांच्या आणखी दोन जागा. त्याच डोंगराची दुसरी गोष्टही या भागात घरोघर ठाऊक आहे. तुकोबांची बायको आवली उन्हातान्हात भाकरी घेऊन वर चढते, पायात काटा मोडतो, आणि तो काढायला खुद्द विठ्ठल येतो. काटा निघतो, पण आवलीची फेरी काही चुकत नाही. एकाच्या एकांतासाठी दुसरीला डोंगर चढावा लागतो, हे कीर्तनात कुणी मुद्दाम सांगत नाही.

न्यूरोडायव्हर्जंट बायकांसाठी निसर्गातल्या विसाव्याचा विषय निघाला की मला हा डोंगर आठवतो. ऑटिझम, एडीएचडी अशा वेगळ्या घडणीच्या मेंदूने जगणाऱ्या या बायका. काहींना ते चाळिशीत कळतं, तेही मुलाच्या तपासणीला गेल्यावर. डॉक्टर मुलाबद्दल एकेक प्रश्न विचारत जातात आणि आईच्या मनात स्वतःचीच उत्तरं येत राहतात. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या ११ मुलांवरून ऑटिझमचं वर्णन केलं, त्यांत ८ मुलगे होते आणि ३ मुली. पुढे बराच काळ साचा मुलग्यांचाच राहिला. त्यातून मुलगी गप्प राहणारी असली तर आपल्याकडे ती गुणी ठरते, मग दवाखान्यात नेतो कोण!

चाकणच्या एखाद्या कारखान्यात क्वालिटीत काम करणारी बाई डोळ्यांसमोर आणा. प्रेसशॉपचे ठोके, कॅन्टीनमधल्या ताटांचा खणखणाट, कंपनीच्या बसमध्ये शेजारणीच्या सेंटचा वास. इतरांच्या हे लक्षातही राहत नाही. तिच्या अंगावर ते सगळं एकदम येतं. वर चेहरा सांभाळायचा. कुठल्या विनोदाला हसायचं, समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ बघायचं, बोटं चाळवायला लागली तर ओढणीखाली कशी लपवायची. याला मास्किंग म्हणतात. घरी पोचल्यावर दुसरी पाळी असतेच.

स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९च्या आपल्या पुस्तकात मांडलं की मुद्दाम एकवटलेलं लक्ष थकतं. पानं, ढग, पाणी यांच्याकडे ते आपसूक जातं, तेव्हा त्याला उसंत मिळते. पटण्यासारखं आहे. मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की पिंपळाला बाईच्या चेहऱ्याकडे बघायचं नसतं. जिचा निम्मा थकवा चेहरा सांभाळण्याचा आहे, तिला झाडाची ही बेफिकिरी सावलीहून मोलाची वाटत असावी.

१९९६ साली अमेरिकेत ऑटिस्टिक माणसांनीच स्वतःसाठी ‘ऑट्रीट’ नावाचं शिबिर सुरू केलं. तिथे रंगीत बिल्ल्यांची पद्धत रुजली. लाल बिल्ला म्हणजे कुणीच बोलायला येऊ नये, पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच यावं, हिरवा म्हणजे खुशाल बोलावं. कार्यक्रमाला बसायची सक्ती नव्हती. मला त्या लाल बिल्ल्याचं फार अप्रूप आहे. आपली महिलांची सहल पवनेकाठी निघते ती निगडी सुटायच्या आत अंताक्षरीने. मग संगीत खुर्ची, उखाणे, ग्रुप फोटो. बाजूला बसलेलीला ‘काय गं, बरं नाही का?’ वेलनेसच्या नावाखाली भरणाऱ्या शिबिरांतही गोलात बसून मन मोकळं करायचा आग्रह झाला, तर तो पैसे भरून केलेला ओव्हरटाइमच.

संत बहिणाबाई (१६२८–१७००) तुकोबांच्या ओढीने देहूला आल्या. त्याआधीची एक आठवण त्यांच्या आत्मचरित्रात आहे. एक वासरू सतत त्यांच्यामागे असे, कीर्तनालाही येई. ते गेलं तेव्हा त्या काही दिवस निपचित पडून होत्या. त्यांच्या भक्तीपायी नवऱ्याने त्यांना मारहाणही केली. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या बाईला आजचं निदान चिकटवण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. मात्र जिला काही समजावून सांगावं लागत नाही, अशा सोबतीची किंमत त्यांना कळली होती, एवढं म्हणता येईल.

निगडीच्या दुर्गा टेकडीवर एकटी बाई बाकावर जरा जास्त वेळ बसली, बसल्या जागी पुढे-मागे झुलू लागली, की फिरायला आलेले एखादे काका थांबतात. ‘एकट्याच आलात का ताई?’ विचारण्यात माया असते, पण उत्तर द्यायला चेहरा पुन्हा चढवावा लागतो. देवाच्या नावावर हा प्रश्न टळतो. ‘भंडाऱ्याला दर्शनाला जाऊन येते’ म्हटलं की घरात सहसा कुणी हरकत घेत नाही. पारायणाला बसलेल्या बाईशी तर कुणी बोलतही नाही. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, पोथीत मान. ही शिस्त न्यूरोडायव्हर्जंट बायकांतल्या काहींना छान मानवेल. लाउडस्पीकर तेवढा बंद हवा.

भामचंद्राच्या आसपास, वासुलीपर्यंत कारखाने येऊन पोचले असले तरी बसायला डोंगर अजून शिल्लक आहेत. तेव्हा कुणी या बायकांसाठी विसाव्याचं शिबिर काढणार असेल तर जागेची फार चिंता करू नये. नाव नोंदवताना मात्र दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: तेवढे दिवस घरात स्वयंपाक कोण करणार, आणि पोरांना शाळेच्या बसपर्यंत कोण सोडणार. आणि त्यासाठी फोन तिच्या नवऱ्याला लावावा.