पॉपी, झेंडू आणि कोरलेली नावे

पहिल्या महायुद्धातील मृतांची आठवण पॉपीच्या लाल फुलाशी जोडली गेली, त्याला कारण झाली माती. खसखशीच्या कुळातल्या या रानफुलाचे बी जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहते; माती उलथून उजेड लागला की रुजते. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधली शेते तोफगोळ्यांनी, खंदकांनी आणि कबरींनी उलथली गेली. तिथे हे तण फोफावले. कॅनडाचे लष्करी डॉक्टर जॉन मॅक्रे यांनी मे १९१५मध्ये त्यावर कविता लिहिली. ती वाचून अमेरिकेतील मोइना मायकेल यांनी १९१८मध्ये पॉपी छातीवर लावण्याचा प्रघात सुरू केला, तर फ्रान्सच्या आना गेरँ यांनी कृत्रिम फुले विकून निधी उभारण्याची कल्पना देशोदेशी नेली. १९२१पासून ब्रिटनमध्ये ही फुले माजी सैनिकांच्या मदतीसाठी विकली जाऊ लागली. हे चिन्ह इतके पसरले, त्यात कवितेइतकाच वाटा या विक्रीचाही आहे. १९३३मध्ये तिथल्या सहकारी चळवळीतल्या महिलांनी पांढरी पॉपी आणली. ती युद्धाला विरोध म्हणून.

भारतीय सैनिकांसाठी महायुद्धाच्या शताब्दीच्या सुमारास झेंडू पुढे आला. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे नोव्हेंबरच्या आरंभी मृतांसाठी मांडलेल्या वेदीवर त्याच्याच राशी असतात. महाराष्ट्रात मात्र तो दसऱ्याच्या तोरणात मिरवतो, आणि अंत्ययात्रेतही त्याला मज्जाव नाही.

फुलाला कोणाचे नाव घ्यावे लागत नाही, म्हणून ते सर्वांना चालते. दगडाचे तसे नाही. फ्रान्समधल्या नव्ह शापेल येथील १९२७च्या स्मारकावर साडेचार हजारांहून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत. इराकमध्ये मराठा पलटणीही लढल्या. पण १९२९च्या बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे आली, भारतीय अधिकाऱ्यांचीही आली, साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणीगणिक नुसती संख्या. हा काटकसरीचा प्रश्न नव्हता. शिपायाला नावाची गरज नाही, असे ठरवणाऱ्यांचे गृहीतक होते. असा भेद किमान ४५ हजार मृतांच्या बाबतीत झाला, हे ही स्मारके उभारणाऱ्या राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाने २०२१च्या अहवालात मान्य केले आणि माफी मागितली.