अणीमांडव्याचा प्रश्न

ज्या वयात मुलाच्या खिशात बसचा पास, परीक्षेचे प्रवेशपत्र आणि फार तर आईने गुपचूप हातावर ठेवलेली एखादी नोट असावी, त्या वयात त्याच्या कमरेला चाकू सापडू लागला म्हणजे नगराचे स्वास्थ्य ढळते, आणि ते ढळणेच योग्य आहे. छत्रपती संभाजीनगरचे स्वास्थ्य असे गेली काही वर्षे ढळत आले आहे. 2018 च्या मे महिन्यात जुन्या शहरात दंगल उसळली, दोन जीव गेले, आणि तिची राख पुरती निवण्यापूर्वीच तलवारी, सुरे व चाकू ऑनलाइन मागवले जाऊन कुरियरच्या पार्सलांतून शहरात येत असल्याचे पोलिसांच्या छाप्यात उघडकीस आले. 2022 च्या मे महिन्यात एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीला भरदिवसा गाठून शस्त्राने ठार करण्यात आले, तेव्हा ज्यांच्या घरात मुली शिकत होत्या अशा प्रत्येक घराचा त्या दिवशी थरकाप झाला. त्यातच ‘बटन’ या नावाने गल्लीबोळांत विकल्या जाणाऱ्या गुंगीच्या गोळ्या, तलवारीने केक कापून साजरे होणारे ‘भाईं’चे वाढदिवस आणि त्या वाढदिवसांची मोबाइलवर अभिमानाने फिरणारी चित्रे, यांनी लोकांच्या मनातील भयाचे रूपांतर संतापात केले आहे.

हा संताप ठरावीक वाक्यांतून प्रकट होतो. ‘पोलीस करतात तरी काय?’, ‘अल्पवयीन म्हणून सुटणार’, ‘जामिनावर आला की पुन्हा तेच करणार’, ‘भर चौकात फटके दिले पाहिजेत’. ही वाक्ये कितीही कर्कश असली तरी त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न केवळ बंदोबस्ताचा नाही, तो धर्माचा आहे. दंड करण्याचा अधिकार कोणाला, तो कोठवर, आणि दंड करणाऱ्याने स्वतः काय देणे लागते, असा तो प्रश्न आहे.

प्रारंभीच एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. ज्याचे रक्त सांडले त्याच्या वतीने परस्पर क्षमा करून टाकण्याचा अधिकार कोणा सज्जनालाही नाही. घाटी रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेर, मुलाचे रक्त लागलेला पदर मुठीत धरून बसलेल्या मातेला क्षमेचे माहात्म्य सांगणे हे तत्त्वज्ञान नव्हे, ते निर्दयपण आहे. कारण क्षमा हे ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे धन आहे आणि त्याने ते द्यावे किंवा न द्यावे. राज्यसंस्थेचे काम वेगळे आहे. दुर्बळाला बलवानाच्या हाती सोडायचे नाही, हेच तिच्या अस्तित्वाचे प्रयोजन असल्यामुळे दंडाचा त्याग करणारे राज्य दयाळू ठरत नाही, ते फितूर ठरते. परंतु हा दंड कसा असावा याविषयी कौटिल्याने अर्थशास्त्रात केलेला विवेक विसरता येत नाही. अतितीक्ष्ण दंड करणाऱ्याचा प्रजेला उद्वेग येतो, मृदू दंड करणाऱ्याची प्रजा अवज्ञा करते, आणि अपराधाच्या योग्यतेप्रमाणे दंड करणाराच पूज्य होतो, असे त्याचे मत आहे. राज्यरक्षणासाठी कठोरातील कठोर उपाय सांगताना जो कचरत नाही, त्या लेखकाने दंडाच्या बाबतीत तीव्रतेपेक्षा यथायोग्यतेला अधिक मान द्यावा, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

आपल्या कायद्यात तीव्रतेचा दुष्काळ आहे असेही नाही. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे शस्त्र, ते घरकामासाठी वा शेतीसाठी घडवलेले नसेल तर, 1959 च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांच्या कक्षेत येते. 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमान्वये गुंडाला 2 वर्षांपर्यंत तडीपार करता येते. 1981 च्या ‘एमपीडीए’ कायद्यान्वये धोकादायक व्यक्तीला खटल्याशिवाय वर्षभर हर्सूलच्या कारागृहात स्थानबद्ध ठेवता येते. उणीव आहे ती निश्चितीची. आज भोसकणाऱ्या मुलाला आपण पकडले जाऊ, आपल्याविरुद्ध साक्ष उभी राहील आणि दोन-चार महिन्यांत निकाल लागेल असे वाटत नाही, म्हणूनच फाशीचे नाव ऐकूनही त्याचा हात थरथरत नाही.

येथे दोषाची वाटणी करताना आपण आपला वाटा पोलिसांच्या पदरात टाकून मोकळे होतो. चौकात हल्ला झाला तर मोबाइल वर करून चित्रण करणारे हात पुष्कळ असतात, आणि पंचनाम्यावर सही करण्यास पुढे येणारा हात मात्र शोधावा लागतो. फिर्यादी एकटा पडतो, साक्षीदार तारखेला गैरहजर राहतो किंवा उलटतो, आणि आरोपी पुराव्याअभावी सुटला की तेच शहर न्यायालयाला बोल लावते. 2023 च्या जून महिन्यात पुण्याच्या सदाशिव पेठेत एक तरुण कोयता घेऊन एका मुलीच्या मागे धावला, तेव्हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तरुणांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून तिला वाचवले. त्यांनी त्या क्षणी जे केले त्याला मी नागरिकाचा दंडाधिकार म्हणतो. त्यात सूड नव्हता. समोरचे संकट आपले मानण्याची तयारी होती.

महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषीची कथा या संदर्भात मला फार महत्त्वाची वाटते. मौनव्रत धारण करून आश्रमाच्या दाराशी तपश्चर्या करणाऱ्या या ऋषीच्या आश्रमात चोर आपला ऐवज घेऊन लपले. मागावर आलेल्या राजसेवकांनी त्याला विचारले, तो बोलला नाही. चोर व मुद्देमाल आश्रमातच सापडला, आणि राजाने अधिक चौकशी न करता चोरांबरोबर त्यालाही सुळावर चढवले. तो मेला नाही. पुढे राजाला सत्य कळले, त्याने पाय धरले, परंतु सूळ अंगातून निघेना, तेव्हा तो बाहेरून कापून काढावा लागला आणि त्याचे टोक शरीरात वागवीत तो ऋषी अणीमांडव्य या नावाने जगला. घाईने केलेल्या न्यायाचे एवढे नेमके वर्णन मी अन्यत्र वाचलेले नाही. अशा न्यायाची माफी मागता येते, पण त्याचे टोक आत राहते. पकडलेल्या संशयितांची हात बांधून वस्तीतून धिंड काढली जाते आणि दुतर्फा उभे असलेले लोक टाळ्या वाजवतात, त्या वेळी खटला चालायचा असतो, आरोप सिद्ध व्हायचा असतो, आणि त्या रांगेत एखादा मांडव्य नाही याची ग्वाही टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी देऊ शकत नाही. जो खरोखर अपराधी असतो त्यालाही ही धिंड शासन करीत नाही. ती त्याला त्याच्या टोळक्यात प्रतिष्ठा मात्र मिळवून देते.

कथेचा उत्तरार्ध याहून गंभीर आहे. मांडव्य साक्षात धर्मराजाच्या सभेत गेला आणि त्याने जाब विचारला, की कोणत्या कर्माचे हे फळ? लहानपणी तू पतंगांच्या शेपटीत काड्या खुपसल्या होत्यास, असे उत्तर आले. तेव्हा मांडव्याने प्रत्यक्ष धर्माला अपराधी ठरवले. अल्प दोषाला एवढा दंड करणारा तू मनुष्यलोकी शूद्रयोनीत जन्म घेशील, असा शाप त्याने दिला आणि तोच धर्म विदुर होऊन जन्मला. शूद्रयोनीतील जन्माला शिक्षा मानणारी त्या काळची कल्पना आज आपण त्याज्यच मानली पाहिजे. परंतु त्याच वेळी मांडव्याने घालून दिलेली मर्यादा त्याज्य नाही. चौदा वर्षांच्या वयापर्यंत केलेले कर्म पातक म्हणून गणले जाणार नाही, अशी ती मर्यादा होय. बालकाच्या अपराधाला वेगळी मोजणी हवी, हा विचार परक्यांच्या कायद्यातून आपल्याकडे आला असे समजणाऱ्यांनी ही कथा पुन्हा वाचावी. आणि त्याहून मोठी गोष्ट ही, की दंड देणाऱ्यालाही जाब द्यावा लागतो, मग तो धर्म का असेना.

अर्थात सतरा वर्षांचा मुलगा म्हणजे पतंगाला काडी टोचणारे बालक नव्हे, आणि चाकूचे पाते धरणाऱ्याचे वय पाहून कमी खोल जात नाही. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने हे ओळखले आहे. सामान्यतः विधिसंघर्षग्रस्त बालकाला विशेष गृहात 3 वर्षांपेक्षा अधिक काळ ठेवता येत नाही. पण वय 16 वर्षे पूर्ण असून अपराध अतिगंभीर असेल, तर त्याची समज, क्षमता आणि परिस्थिती यांची बाल न्याय मंडळ प्राथमिक पारख करते आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊन प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. तेथे दोषी ठरलेला मुलगा 21 वर्षांचा होईपर्यंत सुरक्षित स्थळी ठेवला जातो, आणि त्या वयाला न्यायालयाने पाहायचे असते, की हा बदलला आहे काय. बदलला असल्यास देखरेखीखाली मुक्तता, नसल्यास उरलेली कैद.

एकविसाव्या वर्षी विचारला जाणारा हा प्रश्न आपल्या नगराला अपरिचित नसावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे 1950 साली काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. ज्या ग्रंथावरून ही नावे आली, त्या ‘मिलिंदपञ्हा’त ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो, की पुन्हा जन्मणारा तोच असतो की अन्य? नागसेन सांगतो, तोही नव्हे आणि अन्यही नव्हे. मग कर्मातून सुटका झालीच की, असा राजाचा आक्षेप येताच नागसेन आंबे चोरणाऱ्याचा दृष्टांत देतो. मालकाने लावली ती कोय निराळी व मी तोडले ते आंबे निराळे, असे म्हणून चोर सुटू शकत नाही, कारण हे आंबे त्या कोयीच्याच आश्रयाने आले. सतराव्या वर्षी भोसकणारा आणि पस्तिसाव्या वर्षी दारात उभा असलेला, यांच्यातील नाते असेच आहे. तो अन्य नाही, म्हणून शासन टळता कामा नये. तो सर्वस्वी तोच नाही, म्हणून शासनाला अंत असला पाहिजे. लोकांना पहिला अर्धा भाग पटतो आणि सुधारकांना दुसरा. दोन्ही अर्धे एकत्र धरून ठेवणे हीच न्यायाची साधना आहे.

आपल्या प्रचलित उपायांपैकी किती या कसोटीला उतरतात? अठरा वर्षे ओलांडलेला मुलगा तडीपार होतो, म्हणजे आपल्या हद्दीतून निघून जालन्याच्या, बीडच्या वा अहिल्यानगरच्या कुठल्याशा वस्तीत, जेथे त्याला ओळखणारी आई नाही, रागावणारा मामा नाही आणि काम देणारा शेटजी नाही अशा ठिकाणी, तो मुदत भरून काढतो. आपली गल्ली शांत होते. दुसरी कोणती गल्ली अशांत झाली हे आपण विचारीत नाही. बाल न्याय मंडळापुढे परिवीक्षा अधिकाऱ्याने मुलाच्या घराचा, शाळेचा, संगतीचा अहवाल द्यावा असे कायदा सांगतो. त्या अहवालात लिहिण्याजोगे एखादे आधाराचे माणूस, एखादे काम, एखादी तालीम वा अभ्यासिका त्या वस्तीत असावी, हे मात्र कायदा निर्माण करू शकत नाही. ते नगराने निर्माण करायचे असते.

म्हणून कठोर शिक्षेची मागणी करणाऱ्या नागरिकाला मी गप्प बसण्यास सांगणार नाही. त्याने ती मागणी पूर्ण करावी, एवढेच सांगेन. चाकू सापडला की गुन्हा नोंदलाच पाहिजे, असा त्याने आग्रह धरावा आणि त्या पंचनाम्यावर स्वतः सही करावी. खटला लवकर चालावा असे म्हणावे आणि साक्षीच्या तारखेला हजर राहावे. जखमी मुलाच्या घरच्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून भरपाई मिळेपर्यंत त्यांच्याबरोबर खेटे घालावेत. ‘बटन’ विकणारे दुकान ठाऊक असेल तर ते सांगण्याचे धैर्य करावे. आणि शिक्षा भोगून परतलेल्या मुलाला आपल्या कारखान्यात, गॅरेजमध्ये, दुकानात काम देण्याचा प्रश्न आला, तर त्या वेळी दार लावून घेऊ नये. ज्याला आपण दंड करतो त्याचे उत्तरदायित्व आपल्यावर येते, कारण दंड म्हणजे अपराध्याशी संबंध तोडणे नव्हे, त्याच्यावर आपला अधिकार सांगणे होय. आणि ज्याच्यावर अधिकार सांगितला त्याच्या पुढच्या आयुष्याविषयी हात झटकता येत नाहीत. अणीमांडव्याने धर्मराजाला जो प्रश्न विचारला तो शिक्षा भोगलेला प्रत्येक मुलगा उद्या आपल्या नगराला विचारू शकतो. त्याला ‘तुझ्या कर्माइतकेच आम्ही तुला दिले, आणि तुझ्याबरोबर आम्हीही त्याचा भार वाहिला’ असे उत्तर देता आले, तरच आपण केलेला दंड धर्म्य ठरेल.