पंधरा टन कोळसा

सायबेरियाच्या उत्तरेला, लेना नदीच्या मुखापलीकडे, न्यू सायबेरियन बेटं आहेत. त्यांतल्या काहींना जमीन म्हणायचं ते जरा सैलपणानेच. ल्याखोव्स्की बेटाच्या कड्यांत वर मातीचा थर आणि खाली हजारो वर्षांचं बर्फ, त्यात रुतलेले मॅमथचे सुळे. उन्हाळ्यात समुद्र हे कडे पोखरत आत शिरतो. शेजारची वासिल्येव्स्की आणि सेम्योनोव्स्की ही बेटं 1823 मध्ये रीतसर मोजून नकाशावर घेतली होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन्ही समुद्राने गिळली.

बॅरन एदुआर्द टोल हा या पुरातन बर्फाचा जाणकार भूगर्भशास्त्रज्ञ. 1886 च्या ऑगस्टमध्ये कोतेल्नी बेटावरून, हवा स्वच्छ असताना, त्याला उत्तरेला सपाट माथ्याचे चार डोंगर दिसले. याकोव सान्निकोव नावाच्या शिकाऱ्यानेही पाऊण शतकापूर्वी तिकडे जमीन पाहिल्याचं सांगितलं होतं. टोलच्या मनात ती जमीन ठाण मांडून बसली.

1901 मध्ये तो ‘झार्या’ जहाज घेऊन थेट तिकडे गेला. समुद्र उथळ होता, धुकं दाट होतं, जमीन दिसली नाही. धुक्याची ही एक सोय असते: त्यात काहीच खोटं ठरत नाही. टोलची आशा शाबूत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात खगोलशास्त्रज्ञ झेबर्ग आणि दोन स्थानिक शिकारी यांना घेऊन तो बर्फगाड्या आणि होड्यांनी बेनेट या एकाकी बेटावर पोचला. जहाजाने मागाहून येऊन त्यांना घेऊन जायचं होतं. निघण्याआधी त्याने कप्तान मातिसेनला लेखी सूचना दिली होती. मला आणण्याचे प्रयत्न कुठवर करायचे? तर कोळसा 15 टनांवर येईपर्यंत. मग माघारी फिरायचं. इतकी स्वच्छ, इतकी शहाणी आज्ञा मोहिमांच्या इतिहासात क्वचितच सापडेल. मातिसेन बर्फाशी झगडला, कोळसा त्या रेषेपाशी आला आणि जहाज फिरलं.

बेनेटवर मात्र कोळशासारखं मोजायला काही नव्हतं. टोल दगड गोळा करत होता, पक्षी टिपत होता. उत्तरेकडून दक्षिणेला जाणारे हंसबदकांचे थवे त्याने पाहिले. हे पक्षी ज्या जमिनीवरून आले असतील, ती धुक्यामुळे दिसत नाही, असं त्याने लिहून ठेवलं. ती दिसत नाही म्हणजे नसेल, हा विचार त्या कागदावर कुठेच नाही. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ध्रुवीय रात्र उतरल्यावर, चौघे दक्षिणेकडे निघाले. मधला समुद्र अजून धड गोठलेला नव्हता. ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

1903 च्या उन्हाळ्यात त्याच मोहिमेतला तरुण अधिकारी कोल्चाक, पुढे रशियाच्या यादवी युद्धात गाजलेला, वल्ह्यांच्या होडीतून बेनेटला गेला. तिथे त्याला विज्ञान अकादमीच्या अध्यक्षांच्या नावाचं पत्र मिळालं. त्यात बेटाचे खडक, हिमनद्या, पशुपक्षी सगळं नीटनेटकं नोंदलं होतं. शेवटी लिहिलं होतं की 14 ते 20 दिवसांचा शिधा आहे, सर्वजण ठणठणीत आहेत. कोल्चाकने पत्र घेतलं आणि समुद्र गोठायच्या आत आपली सगळी माणसं घेऊन तो परतला. सान्निकोवची जमीन शोधायला तो उत्तरेकडे गेला नाही.