थकल्या वारकऱ्याची भेट



पांडुरंग पंढरीस आला तो कोणाच्या घरी आला, याचा विचार आपण फारसा करीत नाही. तो राजवाड्यात आला नाही की यज्ञमंडपात आला नाही. दोन म्हातारी माणसे ज्या घरात होती, त्या घराच्या दाराशी तो आला. पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला होता. देव आला म्हणून त्याने हातची सेवा टाकली नाही. वीट पुढे फेकली आणि थांबा म्हणाला. देव रागावला नाही. विटेवर उभा राहिला. ही कथा लहान पोरासही ठाऊक आहे. पण तिचे मर्म हे की, ज्या पंढरीकडे आपण धाव घेतो तिचा पायाच वृद्धांच्या सेवेत आहे.

आता आपल्या दिंडीकडे पाहू. वीस-पंचवीस वर्षे गळ्यात वीणा घेऊन चाललेला एखादा बाबा असतो. गुडघे जातात, नजर मंदावते आणि एका आषाढीस तो येत नाही. पहिल्या वर्षी मुक्कामावर त्याची आठवण निघते. दुसऱ्या वर्षी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात असते. तिसऱ्या वर्षी नावही निघत नाही. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या आमच्या मायबहिणींचेही तेच. मालक गेले, पोरे शहरात पोटामागे गेली, आणि एकटी आजी उंबऱ्यात बसून रस्त्याकडे पाहत राहते. रस्त्याने जाणारे-येणारे पुष्कळ. थांबणारा कोणी नाही.

न जाता येण्याचे दुःख काय असते, ते आपण सर्वांनी एकदा भोगले आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या. धडधाकट माणसे घरात बसून डोळे पुसत होती. आपले ते दोन वर्षांत सरले. थकल्या वारकऱ्याचे तेच दुःख दर आषाढीस नवे होते.

ही चारदोन घरांची गोष्ट नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती, आणि महाराष्ट्रात दर शंभरांत जवळजवळ दहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली सांगितले की, जगात सहांपैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे, आणि त्याने हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढतो. म्हणजे सोबत नसणे हे नुसते मनाचे दुखणे नव्हे, ते देहासही खाते.

कोणी म्हणेल, "त्यांची मुलेबाळे आहेत, सुना आहेत, आम्ही कशाला मधे पडावे?" खरे आहे. मुलांचे कर्तव्य मुलांनीच करावे. २००७ चा कायदाही आईबापांच्या निर्वाहाचा भार मुलांवर टाकतो. पण कायदा पोटाची सोय लावील. गप्पा मारावयास माणूस कोठून आणील? भरल्या घरातही म्हातारा एकटा असतो. सकाळी सर्व कामास जातात, रात्री थकून येतात. मधल्या आठ-दहा तासांत त्याच्या नावाने हाक मारणारे कोणी नसते. ती हाक आपण मारावी, एवढेच आमचे म्हणणे.

आणि हे काम वारकऱ्यासारखे दुसऱ्या कोणास साधणार? वारी म्हणजे नेम. आपण दोन्ही एकादश्या पाळतो. त्याच दोन दिवशी, संध्याकाळच्या कीर्तनाआधी, ठरलेल्या वेळी एका घरी जावे. दहा घरे धरू नयेत. एकच धरावे पण सोडू नये. "येतो" म्हणून न जाणे हे मुळीच न जाण्याहून वाईट. तो माणूस दुपारपासून दाराकडे डोळे लावून बसलेला असतो. जमणार नसेल तर आधी निरोप धाडावा.

जाताना काही पथ्ये पाळावी. पहिल्या खेपेस दोघांनी जावे, घरच्यांस सांगून जावे. जातपात विचारू नये. पैसा, जमीन, कागदपत्र यांत बोट घालू नये. सुनेचे गाऱ्हाणे ऐकावे, पण चावडीवर नेऊ नये. उपदेश तर करूच नये; ज्याने आपल्याआधी तीस वाऱ्या केल्या त्यास आपण काय सांगणार? त्याची तीच गोष्ट दहाव्यांदा आली तरी ऐकावी. त्यालाच एखादी जुनी चाल विचारावी, ती शिकून घ्यावी. मग तो घेणारा राहत नाही, देणारा होतो. त्याचा वाकलेला कणा तेवढ्याने ताठ होतो. निघताना आपण पाया पडावे, तो आपल्या पाया पडेल. आपल्या संप्रदायात थोर-लहान हा भेद तेथेच मिटतो. दुखणे वाढलेले दिसले, उपासमार वा मारहाण दिसली, तर मात्र गप्प बसू नये. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा दूरध्वनी आहे, तो फिरवावा.

सावता महाराज अरणच्या मळ्यात राबत राहिले, आणि देवच मळ्यात भेटीस आला, असे परंपरा सांगते. जो येऊ शकत नाही त्याच्याकडे जाण्यात देवास कमीपणा वाटला नाही. मग आपल्यास का वाटावा? आळंदीहून पंढरी सुमारे अडीचशे किलोमीटर. ती वाट आपण आनंदाने चालतो. गल्लीच्या टोकाचे घर दोनशे पावलांवर आहे, आणि तेवढेच आपल्यास लांब पडते!

तेव्हा प्रत्येक दिंडीने आपल्या जुन्या वह्या उघडाव्या. गेल्या दहा वर्षांत कोण येईनासे झाले त्यांची नावे काढावी आणि एकेक नाव एकेकाने वाटून घ्यावे. पुढच्या आषाढीस निघण्याआधी त्यांच्या दारी जाऊन विचारावे, "बाबा, पांडुरंगाला काय सांगू?" परत आल्यावर बुक्का आणि चुरमुरे घेऊन आधी तेथेच जावे, आणि रिंगण कोठे झाले, पाऊस कोठे लागला, सगळी वाट त्यास सांगावी. त्याची वारी पोहोचली, आणि आपलीही पुरी झाली.

रामकृष्णहरि.