कुंभाराचा बाप कारण ठरतो का?

लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटात अर्दुइनो, म्हणजे प्रयोगांसाठीचा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड, मागितला की पहिला प्रश्न येतो तो ओरिजिनल हवा की कॉपी हा. दोन्ही पाट्या निळ्या, दोन्हींवर १४ डिजिटल आणि ६ अ‍ॅनालॉग पिना, दोन्हींच्या पोटात तोच एटीमेगा ३२८पी. फरक आहे तो यूएसबीच्या तोंडाशी. मूळ अर्दुइनो ऊनोवर तिथे एटीमेगा १६यू२ असते, नकलेवर बहुधा सीएच३४० नावाची स्वस्त चिनी चिप. किमतीत मात्र काही पटींचं अंतर. प्रोजेक्टसाठी आलेली मुलं साहजिकच कॉपी घेतात आणि तिच्यावर दिल्लीच्या हवेतली धूळ मोजणारं यंत्र किंवा कुंडीला आपोआप पाणी घालणारा पंप उभा करतात.

ही चोरी आहे का? कायद्याचं उत्तर बऱ्यापैकी सरळ आहे. ऊनोचे आराखडे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुले आहेत. श्रेय द्यावं आणि त्यातून जे नवं कराल तेही तसंच खुलं ठेवावं, एवढी त्याची अट. राखीव आहे ते फक्त नाव, आणि ते नावही उसनंच आहे: इटलीतल्या इव्रेआ गावातल्या एका बारवरून घेतलेलं, आणि त्या बारला ते अकराव्या शतकातल्या अर्दुइन राजाकडून मिळालेलं. नाव न छापता तशीच पाटी बनवली तर ट्रेडमार्क मोडत नाही. पण कायद्यातून सुटलेला माणूस ऋणातूनही सुटतो का? हा प्रश्न बोर्डापेक्षा त्याच्यात कोड भरणाऱ्या सॉफ्टवेअरला जास्त लागू पडतो, कारण पाटीला निदान दाम मोजावे लागतात. ते सॉफ्टवेअर, म्हणजे अर्दुइनो आयडीई, फुकट उतरवून घेता येते.

ही आयडीई मुद्दाम साधी ठेवलेली आहे. वर बरोबरची खूण आणि एक बाण, मध्ये लिहायची जागा, खाली काळा पट्टा. प्रोग्रामला इथे ‘स्केच’ म्हणतात. त्यात दोनच फंक्शनं लागतात: ‘सेटअप’ एकदा चालतं, ‘लूप’ चालतच राहतं. पहिला धडा जगभर एकच, ‘ब्लिंक’. तेराव्या पिनेवरचा दिवा एक सेकंद लागतो, एक सेकंद विझतो. सहावीतल्या मुलालाही हे जमतं.

बाण दाबल्यावर पडद्यामागे बरीच माणसं कामाला लागतात. सी भाषेतला प्रोग्राम ज्या ‘मेन’पासून सुरू होतो तो मुलानं लिहिलेलाच नसतो. तो अर्दुइनोच्या ‘कोअर’ या पायाभूत कोडमधल्या एका छोट्याशा फाइलीत आधीपासून बसलेला आहे, आणि सेटअपला एकदा व लूपला पुन्हा पुन्हा हाक मारणं हे त्याचं काम. मग येतो जीसीसी हा कंपायलर. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७मध्ये जगाला दिला. त्याला एव्हीआर, म्हणजे एटीमेगाच्या घराण्यातल्या, चिपांची भाषा शिकवली देनिस चेर्तिकोव्ह यांनी. या चिपांसाठी सीची मूलभूत लायब्ररी मारेक मिखाल्किएविच यांनी सुरू केली आणि पुढे अनेकांनी वाढवली. तयार झालेला कोड केबलमधून चिपमध्ये उतरवणारा ‘एव्हीआरड्यूड’ ब्रायन डीन यांचा. एव्हीआरची मूळ रचना नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांची. आणि आयडीईचं रूप, ‘स्केच’ या शब्दासकट, आलं ते केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोसेसिंग’वरून.

यांपैकी कुणाचं नाव मुलाला दिसत नाही. दिवा लागला की कामच संपतं. फक्त बिघाड झाला, म्हणजे स्वस्त नॅनो बोर्डात जुना बूटलोडर असला किंवा चुकीचा पोर्ट निवडला, की काळ्या पट्ट्यात अक्षरं उमटतात: एव्हीआरड्यूड, नॉट इन सिंक. ज्यांच्या खांद्यावर सगळं उभं आहे त्यांच्यापैकी एकाची ओळख होते ती अशी, अपयशाच्या क्षणी.

दिवा लागला तर तो लावला कुणी? भारतीय दर्शनांना हा प्रश्न नवा नाही. गीतेचा अठरावा अध्याय प्रत्येक कर्मामागे पाच कारणं मोजतो आणि केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची समज अपुरी ठरवतो. पण अधिक बारीक छाननी नैयायिकांनी केली. दिल्लीत कटवारिया सरायला संस्कृत विद्यापीठ आहे. तिथून आयआयटी जवळच. एकीकडे न्यायशास्त्र शिकवलं जातं, दुसरीकडे चिपा प्रोग्राम केल्या जातात. या दोन आवारांमध्ये कारणाच्या व्याख्येवर एक चर्चा सहज रंगू शकेल.

नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण घटाचं. घट झाला, त्याआधी काय काय हजर होतं? माती, चाक, दंड, कुंभार. पण दंडाचा रंगही होता, आकाश होतं, माती वाहून आणणारं गाढव होतं, आणि कुंभार जन्माला आला म्हणजे त्याचा बापही कधीतरी होताच. हे सगळे कारण मानायचे तर कारण या शब्दाला अर्थच उरत नाही. म्हणून विश्वनाथ न्यायपंचाननांच्या नावावर असलेल्या ‘भाषापरिच्छेदा’त अशांना वेगळं काढलं आहे: ते ‘अन्यथासिद्ध’. आधी होते खरे, पण घटाच्या घडण्याला त्यांची गरज नव्हती. कुंभाराचा बाप हे त्यातलं सगळ्यांत विचार करायला लावणारं उदाहरण. बाप म्हणून तो कारण नाही. मात्र तो स्वतः चाकावर बसला, कुंभार म्हणून त्यानं माती हाताळली, तर तो कारणच, अशी पुस्तीही त्यावरच्या टीकेत जोडलेली आहे.

अर्दुइनोच्या इतिहासात नेमका असा एक माणूस आहे.

एर्नांदो बारागान हा कोलंबियाचा विद्यार्थी इव्रेआच्या इंटरॅक्शन डिझाइन इन्स्टिट्यूटमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत होता. चित्रकार, डिझायनर यांनाही मायक्रोकंट्रोलर हाताळता यावा म्हणून त्यानं २००३मध्ये ‘वायरिंग’ हे काम हाती घेतलं आणि २००४मध्ये प्रबंध सादर केला. मार्गदर्शक होते मासिमो बांझी आणि प्रोसेसिंगवाले केसी रीस. पिनमोड, डिजिटलराइट, सेटअप-लूपची साधी चौकट, एका बटणानं अपलोड, हे सगळं वायरिंगमध्ये होतं. त्याच्या बोर्डावरचा एटीमेगा १२८ महाग पडत होता. २००५मध्ये बांझी, डेव्हिड मेलिस आणि डेव्हिड कुआर्तिएलेस यांनी स्वस्त एटीमेगा ८ वर तेच चालवून दाखवलं, कोडची प्रत घेतली आणि अर्दुइनो हा वेगळा प्रकल्प उभा राहिला. वेगळं व्हायची गरज नव्हती, आपण आनंदानं मदत केली असती, असं बारागान यांनी २०१६मध्ये लिहिलेल्या आपल्या हकिकतीत म्हटलं आहे.

अर्दुइनोनं वायरिंगचा उल्लेख टाळलेला नाही. श्रेयनामावलीत तो आहे. कोअरमध्ये आजही ‘वायरिंग_डिजिटल’, ‘वायरिंग_अ‍ॅनालॉग’ अशी फाइलींची नावं आहेत, आणि ‘डब्ल्यूस्ट्रिंग’ नावाच्या फाइलीच्या माथ्यावर हक्कधारक म्हणून बारागान यांचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. पण जगाला ठाऊक झाले ते अर्दुइनोचे पाच संस्थापक, आणि ते पाच जणही पुढे नावाच्या मालकीवरून दोन कंपन्यांत विभागले. ते भांडण २०१६मध्ये मिटलं. न्यायाच्या कसोटीवर निवाडा अवघड नाही. बारागान हे केवळ जन्म देणारे बाप नव्हते. चाकावर बसलेले होते. दिल्लीतलं मूल आज ‘डिजिटलराइट’ लिहितं तेव्हा त्या शब्दाच्या मागे त्यांचं काम प्रत्यक्ष हजर असतं. त्यांना अन्यथासिद्ध ठरवणं हा विचारातला दोष आहे.

पण न्यायशास्त्र इथे थांबतं. कारण कोण हे ते सांगेल. कारणाचं आपण काय देणं लागतो, हे सांगणं त्याचं काम नाही. त्यासाठी ऋणाच्या कल्पनेकडे जावं लागतं. ‘तैत्तिरीय संहिते’त तीन ऋणं येतात, ‘शतपथ ब्राह्मणा’त चार. ऋषींचं ऋण फिटतं ते अध्ययनानं, आणि अध्ययन करणाऱ्याला शतपथ ऋषींच्या ठेव्याचा राखणदार म्हणतं. या कल्पनेतली खोल गोष्ट म्हणजे परतफेडीची दिशा. ऋषींना काही परत पाठवता येत नाही. विद्या पुढे चालवणं हीच फेड.

याच परंपरेनं राखणदाराचा हक्क मात्र मोजक्यांपुरता ठेवला, हे झाकून चालणार नाही. ठेवा सांभाळण्याच्या नावाखाली त्याला कुलूप लागलं. शके १२१२मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, आणि १८४८मध्ये पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हा ते कुलूप थोडंथोडं निघत गेलं. ऋण फेडायचं तर विद्या पुढे द्यायची, आणि पुढे म्हणजे कुणालाही.

स्टॉलमन यांच्या जीपीएल या परवान्यात हाच विचार कायद्याच्या भाषेत आला, आणि त्यात जात-जन्म विचारायची सोयच नाही. कोड घ्या, वाचा, बदला, विका. पण पुढच्याला देताना तेच स्वातंत्र्य त्यालाही द्या. अर्दुइनोची आयडीई जीपीएलच्याच घराण्यातल्या परवान्याखाली आहे, म्हणूनच ती घेणाऱ्यावर मागे पैसे पाठवण्याची सक्ती नाही, पुढच्याची वाट अडवू नये एवढी आहे. हे बंधन किती मोलाचं हे समजायला भारतातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचा अनुभव पुरे. तिथे वर्षानुवर्षं ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर शिकवला गेला तो कैल या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर. पैसे न भरता मिळणाऱ्या आवृत्तीत प्रोग्राम २ केबीच्या पुढे गेला की काम थांबायचं. तिथेही आतलं यंत्र झाकलेलं होतं, अर्दुइनोतही झाकलेलं आहे. पण एका झाकणाला कुलूप आहे, दुसरं फक्त वर ठेवलेलं आहे. पहिल्याच दिवशी मुलासमोर ‘मेन’ आणि रजिस्टरं न मांडणं ही शिकवणाऱ्याची माया आहे. ते कधीच उघडू न देणं हा अन्याय.

ऑक्टोबर २०२५मध्ये क्वालकॉम या चिप कंपनीनं अर्दुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अनेक हौशी माणसं धास्तावली. धास्ती समजण्याजोगी आहे. तरी यात विकलं गेलं ते नाव, ती कंपनी आणि पुढच्या कामाची सूत्रं. जो कोड आजवर जीपीएलखाली दिला गेला, तो परत मागता येत नाही. दान दिलेली गाय दात्याच्या नव्या मालकालाही परत नेता येत नाही, तसंच हे.

संसद मार्गावरच्या नीती आयोगातून अटल टिंकरिंग लॅबची योजना चालते. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत मदत, १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षांच्या खर्चाला. अशा १०,०००हून अधिक लॅब झाल्या आहेत, आणि २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५०,००० जाहीर झाल्या. म्हणजे लाखो मुलं ‘ब्लिंक’ लिहिणार. त्यांच्याकडून ऋषिऋण कसं फिटेल? महाराष्ट्रात पाबळच्या विज्ञान आश्रमानं त्याची एक वाट दाखवली आहे. डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३मध्ये तो काढला. शाळेत न रमलेल्या गावच्या मुलांनी हातानं वस्तू करत, गावाची कामं करत शिकायचं ही त्याची रीत. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२मध्ये तिथेच सुरू झाली. तिथे शिकणं आणि गावाला देणं हे वेगवेगळे तास नाहीत.

दुसरी वाट शाळांच्या लॅबमधूनच जाते. सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्रानं ‘वेगा’ मालिकेतली तेजस३२ ही चिप बनवली आणि ती बसवलेला ‘एरीस’ बोर्ड अर्दुइनो आयडीईतून प्रोग्राम करता येतो. भारतीय चिपवरचा दिवाही पिनमोड आणि डिजिटलराइट याच शब्दांनी लागतो. शाळांतल्या लॅबपर्यंत असे बोर्ड पोचतील तेव्हा सोबतच्या पुस्तिकेत वायरिंग, जीसीसी आणि एव्हीआरड्यूडची नावं छापायला अर्धं पान पुरेल. आणि एका तासाला शिक्षकांनी ‘ब्लिंक’ बाजूला ठेवून कोअरमधली ती ‘मेन’ची फाइल मुलांसमोर उघडावी, ती इतकी लहान आहे की एका तासात ओळ न ओळ वाचून होते.