१९४५ च्या आधीचं पोलाद

औंढा नागनाथजवळ लायगोची वेधशाळा होणार, हे आमच्या हिंगोलीत सगळ्यांना तोंडपाठ आहे. एका रात्री त्याबद्दल मोबाईलवर वाचत होतो. त्या नाजूक यंत्रावरून किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रांवर गेलो, आणि तिथून थेट स्कॉटलंडच्या समुद्रतळाशी, एका जर्मन युद्धनौकेपाशी.

तिचं नाव मार्कग्राफ. ब्रेमेनमध्ये बांधलेली, १९१३ साली पाण्यात उतरलेली, २५ हजार टनांहून जड. १९१६ च्या जटलंडच्या लढाईत तिने तोफगोळे टाकले आणि झेललेही. जर्मनी हरल्यावर तिला इतर जहाजांसोबत स्कापा फ्लो इथे अडकवून ठेवलं. २१ जून १९१९ ला ॲडमिरल रॉयटरच्या हुकमावरून जर्मन खलाशांनी स्वतःच्याच जहाजांत पाणी सोडलं. ७४ पैकी ५२ बुडाली. ब्रिटिशांच्या गोळीबारात नऊ जर्मन मेले, त्यात मार्कग्राफचा कप्तान शुमान होता. ती अजून तिथेच आहे.

पुढचा भाग मला जास्त लागला. १६ जुलै १९४५ ला पहिला अणुस्फोट झाला. नंतरच्या चाचण्यांनी हवेत किरणोत्सारी कण पसरले. पोलाद बनवताना भट्टीत हवा लागते, म्हणून नव्या पोलादात ते कण उतरले. त्या पोलादाचं यंत्र स्वतःचाच किरणोत्सार मोजू लागतं. म्हणून स्कापा फ्लोच्या बुडालेल्या जहाजांचं पोलाद काढून संवेदनशील यंत्रांना वापरलं गेलं. का, तर ते शुद्ध. (आता हवा बरीच निवळली आहे, नवं पोलादही बहुतेक कामांना चालतं.)

माणसं मारायला ओतलेलं पोलाद शुद्ध! त्याने काही पुण्य केलं नव्हतं. फक्त तारीख बरोबर होती.

माझीही तारीख बरोबर आहे. मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी जन्मलो. १९७८ ला नामांतरावरून मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, तेव्हा मी नव्हतो. ऑफिसात विषय निघाला की मी सहज म्हणतो, आपण जात मानत नाही. खोटं नाही ते. पण आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात सालगड्याची वेगळी कपबशी होती. सातेक वर्षांचा असताना मी त्यातून पाणी प्यायलो, तर आजीने मला अंघोळ घातली होती. त्याच माणसाने उकडलेल्या हळदीच्या पैशातून पुढे माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली. त्याचा मुलगा माझ्याच वयाचा. दहावीनंतर तो बापासोबत हळदीच्या कढईवर उभा राहिला.

आजोबा क्रूर नव्हते. ‘त्या काळी तसंच होतं,’ असं मी त्यांच्या बाजूने बोलतो, आणि बोलताना शंका येते. त्यांना मोजणारं यंत्र मीच, आणि त्याच भट्टीतला. मोजतोय ते त्यांचं की माझं? कोडमध्ये बग असला की लॉग बघता येतो. इथे लॉग लिहिणाराही मीच.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आजीला विचारलं, ती कपबशी कुठंय?

"फुटली की कवाच."

"मग नंतर त्यांना चहा कशात द्यायचीस?"

आजीने हरभरा निवडता निवडता वर पाहिलं.

"मंग कागदाचे कप आले नं, बाबा."