हात जोडल्याचा हिशोब

मावशी शिरूरची. लग्न होऊन दौंडला आली. नवरा गेला तेव्हा पदरात दोन पोरं आणि हातात खुरपं, एवढीच इस्टेट. पुढं काही ख्रिस्ती बायांनी वस्तीत शिवणवर्ग काढला. फी नाही. रोज आधी प्रार्थना, मग कात्री. मावशी काज-बटण शिकली, परकर शिकली, ब्लाउज शिकली. शेवटी त्या बायांनी तिला एक पायमशीन दिलं.

वस्तीत कुजबुज सुरू झाली. आमच्यातलाच एक कार्यकर्ता म्हणाला, ‘भाकरीसाठी बाई बाटली.’ मी नवानवा कविता लिहीत होतो. डोकं भडकलेलं. मीच जाऊन विचारलं, ‘मावशे, बाबासाहेबांच्या फोटोखाली राहतीस आन् येशूपुढं हात जोडतीस?’

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, ‘वीस वर्सं बागायतदाराच्या रानात खुरपलं. त्याच्या म्हसोबाला नारळ फुटायचा तवा मी हात जोडूनच हुबी व्हते. तवा कुनी इचारलं न्हाई, बाई बाटली का म्हून.’

मी गप्प. कारण मी सूतगिरणीत साच्यावर काम करतो. खंडेनवमीला मालक साच्याला हार घालतो, तेव्हा मीही हात जोडून उभा असतो आणि वर पेढा खातो. माझ्या धम्माची चौकशी कोण करतं?

म्हंजे भाकर देणारा जो तो नमस्कार मागतो. एकाच्या नमस्काराला आपण रीत म्हणतो, दुसऱ्याच्या नमस्काराला बाटणं. हे ढोंग आधी कबूल करू. पण सगळेच मागतात म्हणून मागणं बरोबर ठरत नाही. उपाशी माणसापुढं भाकर आणि देव एकाच ताटात वाढला, तर त्यानं निवडायचं कसं?

हा सवाल आमच्या दौंड तालुक्याला जुना आहे. पुण्याहून दौंडला येताना केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी पोरी-बाया आणल्या. त्यांना नुसतं जेवू घातलं नाही. विणकाम, शिवण, शेती, छपाई शिकवली. ज्या देशात बाईच्या कानावर वेद पडू दिला नाही, तिथं या बायांनी शिशाचे खिळे जुळवून अख्खं मराठी बायबल छापलं. भाषांतर रमाबाईंचं, थेट हिब्रू-ग्रीकवरून. १९२२ साली त्या गेल्या, ते पूर्ण छापून बाहेर आलं १९२४ ला.

पण त्याआधी, १८९३ साली, त्यांच्या शारदा सदनावरून पुण्यात रान पेटलं होतं. सदनातल्या मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, म्हणून ‘केसरी’नं झोड उठवली. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पोरींचं काय होणार, यापेक्षा पोरी कुणापुढं बसतात, हे मोठं झालं.

खुद्द रमाबाईंनीही मदत घेतली होती. इंग्लंडात वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आसरा दिला. १८८३ साली तिथंच बाप्तिस्मा झाला. पण त्यांनी अक्कल गहाण टाकली नाही. ज्यांचं अन्न खाल्लं त्यांच्याशीच त्या धर्माच्या बाबतीत भांडल्या, पटलं नाही ते पटलं नाही म्हणाल्या.

मला कसोटी इथं सापडते. मदत घेतल्यावर देणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची ताकद वाढली की आटली? वाढली तर ती मदत. आटली तर तो गळ, मग त्याला क्रूस लावा, कळस लावा, नाहीतर आमचा निळा झेंडा लावा.

ही कसोटी रमाबाईंच्या मुक्तीलाही लावावी. दुष्काळातून आलेल्या दहा वर्षांच्या पोरीला ‘नाही’ म्हणता येत होतं का? मला तसं वाटत नाही. तिच्यापुढं दुसरं दारच नव्हतं. पण ते दुसरं दार बंद कुणी केलं? मिशननं नाही. गावानं केलं, जातीनं केलं.

बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात धर्म सोडायची घोषणा केली आणि १९५६ पर्यंत एकवीस वर्षं थांबले. आमिषं कमी नव्हती. चर्चमध्येही जात शिरलीय, हे त्यांनी पाहिलं होतं, लिहिलंही. निवडायला वेळ आणि बळ लागतं. आमच्या बायांना ते बळ आम्ही तरी कुठं दिलं? सभेला भाकऱ्या त्यांनी थापायच्या, मुक्तीवर भाषण आम्ही ठोकायचं. मावशीसाठी शिवणवर्ग आम्ही काढला असता, तर ती कशाला तिकडं गेली असती?

मी साचा चालवतो, पण साचा मालकाचा. उद्या गिरणी बंद पडली की माझं हुन्नर फुकट. मावशीचं मशीन मावशीचं. बागायतदाराच्या रानात ती परत गेली नाही. वर्ग संपला तशी प्रार्थनेलाही गेली नाही. मशीन कुणी परत मागितलं नाही. त्या बायांपैकी एक अजून तिच्याकडंच ब्लाउज शिवते आणि शिलाईचे पैसे मोजून देते. वरच्या आळीतल्या काही बाया मात्र आजही तिच्या हाती कापड देत नाहीत. हुन्नर आलं, जात गेली नाही. ते काम शिवणवर्गाचं नाही. आपलं आहे.

परवा मी तिला म्हटलं, ‘मावशे, चुकलो.’ तिनं सुई माझ्यापुढं धरली. ‘दोरा ओवून दे,’ म्हणाली, ‘दिसंना झालंय.’